थर्मोस्टॅट काढला, गाडी गार झाली. उगाच भीती घालू नका

बूस्टवाला_टिळकवाडी:
सगळेजण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढू नको काढू नको म्हणत होते, मी काढला. गाडी जुनी सिटी व्हीटेक, 1.5, कंपनीतनं आली तेव्हा 106 पीएसची, मागच्या वर्षी टर्बो बसवला आणि रेडिएटरच्या पुढं इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा). एप्रिलमध्ये गोव्यातनं परत येताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो, दुपारचे दोन, एसी चालू, सेकंड गिअर, पुढं रडत चाललेला टेम्पो, आणि पाण्याच्या तापमानाचा वेगळा बसवलेला गेज दाखवतोय 104, 107, 111. एसी बंद केला, हीटर फुल सोडला, काचा खाली, बायको म्हणाली गोव्यासनं आलो का भट्टीतनं. जूनमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला. परवा तोच घाट तोच गिअर, 98 च्या वर काटा गेला नाही. आपल्या बेळगावात काय बर्फ पडतो काय, हा व्हॉल्व्ह गार देशातल्या लोकांसाठी.

उद्यमबाग_लेथ:
काय सांगुलास गा. परवा म्हणजे जुलै, चोर्ल्यात धुकं आणि पाऊस, बाहेर 22 डिग्री, आणि तुलना करुलास एप्रिलच्या दुपारी दोनशी. साधी गोष्ट बघ की, थर्मोस्टॅट 80 च्या आसपास उघडायला लागतो आणि त्याच्यावर दहा-बारा डिग्रीत पुरता उघडतो. म्हणजे तुझा काटा 111 वर होता तेव्हा तो चांगला असेल तर सताड उघडाच होता. उघड्या दाराची चौकट काढून घरात वारं किती वाढणार? आणि तो अडकला होता म्हणत असशील तर नवीन बसव, फेकतोस कशाला.

खानापूरकर:
आमच्या काकांच्या जीपला पंधरा वर्षं थर्मोस्टॅट नाही, जांबोटी-कणकुंबी रोज करते, काही झालं नाही. पुस्तकी ज्ञान घाटात चालत नाही.

उद्यमबाग_लेथ:
काकांची जीप बिडाच्या इंजिनाची, ह्याचं हेड अॅल्युमिनियमचं आणि वर टर्बो. जीपनं काय सिद्ध होतंय?

सेकंडगिअर_नेहमी:
थर्मोस्टॅट पाहिजेच, नाहीतर पाणी एवढं जोरात फिरतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

उद्यमबाग_लेथ:
तुम्ही माझ्याच बाजूचे आहात पण हे चुकीचं आहे हो. जोरात फिरलं तर उष्णता जास्तच निघते, तेच पाणी पुन्हा पुन्हा येतंय की. खरा त्रास वेगळा. काही इंजिनांत गरम झाल्यावर बायपासची (पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरवणारी) वाट बंद करायचं कामपण थर्मोस्टॅटच करतो, तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरत राहतं. आणि दुसरं, सपाट रस्त्यावर इंजिन तापतच नाही. बूस्टवाले, कोल्हापूर हायवेला 90 नं चालवताना काटा कुठं असतो ते खरं सांगा.

बूस्टवाला_टिळकवाडी:
66-68. मग? गार तर गार.

उद्यमबाग_लेथ:
मग काय मग. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून वॉर्मअपमध्येच आहे, तो पेट्रोल जादा सोडतो, प्लग काळे, जादा पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन खाली ऑइलात. ऑइल पण नीट तापत नाही त्यामुळं आतला ओलावा उडून जात नाही. फिलर कॅप उघडून आतनं बघ, पांढरट साय दिसली तर मला फोटो टाक.

खानापूरकर:
आणि कूलंटचा खर्च कशाला, साधं पाणी घाला की. पाण्याएवढी उष्णता कुठलंच कूलंट ओढत नाही.

उद्यमबाग_लेथ:
हे अर्धं खरं. पाणी जास्त ओढतं, पण बोअरचं पाणी घातलं तर आत क्षार, अॅल्युमिनियमला गंज. आणि बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथं उघड्या भांड्यात पाणी 97-98 लाच उकळतं. तुमचं सगळं रेडिएटरच्या 1.1 बार दाब धरणाऱ्या झाकणावर टिकून आहे, त्याचं रबर कडक झालं की खेळ खलास. डिस्टिल्ड पाणी आणि तिसरा हिस्सा कूलंट, झालं.

कंग्राळी_पेट्रोलवाली:
तुम्ही दोघं भांडा, माझा एकच प्रश्न. बूस्टवाले दादा, थर्मोस्टॅट काढायच्या आधी हायवेला गाडी कधी तापली होती का? नसेल तर रेडिएटर लहान नाही, हळू जाताना हवा येत नाही एवढंच. इंटरकूलर बसवताना फॅन बदलला असेल ना? गाडी उभी करून फॅन चालू होऊ दे आणि वर्तमानपत्राचा एक कागद ग्रिलसमोर धरा. मी माझ्या गाडीला हेच केलं होतं. आणि थर्मोस्टॅट अजून असेल तर आईचं जुनं पातेलं घ्या, पाण्यात दोऱ्याला बांधून सोडा, तळाला टेकू नये, शेजारी थर्मामीटर. पितळी चकती हळूच वर सरकताना दिसते, आपल्या इथं पाणी उकळायच्या आधी पुरता उघडला पाहिजे. दहा मिनिटांचं काम. फक्त ते पातेलं परत दुधाला वापरू नका, मी ओरडा खाल्लाय.

सेकंडगिअर_नेहमी:
आरटीओनं पकडलं तर थर्मोस्टॅट राहिला बाजूला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत केलेल्या बदलांचं, माहीत आहे ना, टर्बो काय आरसीवर चढवलाय?

बूस्टवाला_टिळकवाडी:
तो विषय नको इथं.
कागद धरला. ग्रिलला चिकटायच्या ऐवजी पुढं उडाला, तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत गेला असता. ज्यानं बसवला त्यानं फॅनच्या वायरी उलट जोडल्यात, वर्षभर फॅन इंजिनाची गरम हवा रेडिएटरमधनं पुढं फेकुलालाय. हायवेला समोरनं वारं येतंय म्हणून कळलंच नाही, घाटात वीसच्या स्पीडला दोघांची कुस्ती.
वायरी फिरवल्या. फॅनच्या कडेनं मोकळी फट होती तिथं फोमची पट्टी लावली.

उद्यमबाग_लेथ:
आणि थर्मोस्टॅट?

बूस्टवाला_टिळकवाडी:
पातेल्यात 79 ला हलला, 91 ला पुरता उघडला. चांगला आहे.
पण लगेच बसवत नाही. आता फॅन सरळ आहे, गणपतीला वेंगुर्ल्याला आंबोलीतनं जायचं आहे, येताना घाट आधी तसाच चढवून बघतो.

उद्यमबाग_लेथ:
पुन्हा पावसातच बघणार म्हणजे.

खानापूरकर:
काकांची जीप आंबोलीतपण गेलीय.