थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धासाठी काय लिहावे?

धाकटी_पाती (प्रश्न)

येत्या आश्विनात माझ्या थोरल्या भावाला जाऊन वर्ष होईल. तो 49 वर्षांचा होता. भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होता. रविवारी सकाळी दूध घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली, 'छातीत जड वाटतंय' म्हणून खुर्चीत टेकला, तो पुन्हा उठला नाही. वर्षश्राद्धाला येणाऱ्या नातेवाइकांना आणि त्याच्या कारखान्यातल्या मित्रांना देण्यासाठी चार पानांची पुस्तिका छापावी, अशी वहिनीची इच्छा आहे आणि मजकुराचे काम माझ्याकडे आले आहे. तीनदा लिहायला बसलो. दर वेळी 'मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' या तीन शब्दांपुढे हात सरकत नाही, आणि लिहिलेले वाचले की हे कोणाच्याही भावाबद्दल चालेल असे वाटते. वडिलांच्या मागे माझे शिक्षण, बहिणीचे लग्न, आईचे डायलिसिस आणि मग स्वतःची दोन मुले, एवढ्यातच त्याचे आयुष्य सरले. पुतण्या पंधरा वर्षांचा आहे, पुतणी दहाची. ती दोघे मोठेपणी वाचतील असे काय लिहावे? शिवाय, विधी तिथीने करायचा आहे, तर पुस्तिकेवर तिथी छापावी की तारीख?

पंचांगवाले_काका

दोन्ही छापावीत. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी घेते. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने तुमची तिथी तारखेच्या जवळजवळ 19 दिवस पुढे पडेल, म्हणून दिवस ठरवण्याआधी गुरुजींना विचारून घ्यावे. मुलांना मात्र पुढे तारीखच लक्षात राहणार आहे.

भूगोलाची_वही

मी चौदा वर्षांचा असताना माझे वडील गेले, तेव्हा ते 52 वर्षांचे होते. म्हणून तुमच्या पुतण्याच्या जागेवरून सांगतो. वर्तमानपत्रात 'त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार आहे' असे छापून आले होते. त्यातला 'एक मुलगा' म्हणजे मी, हे समजायलाच मला काही क्षण लागले. घरी येणारा प्रत्येक जण त्यांना देवमाणूस म्हणत होता. वडील चांगलेच तापट होते, पण ते कोणी बोलेना, त्यामुळे त्यांची बोलणी खाल्लेला मी एकटाच आणि दोषही माझाच असावा, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. तेव्हा दादांचा राग, हट्ट, चिक्कूपणा, जे काही असेल ते एका वाक्यात तरी येऊ द्या.

माझ्याजवळ त्यांचे काय उरले आहे, तर दर जूनमध्ये ते आमच्या वह्यांना खाकी कव्हरे घालत आणि लेबलावर पट्टी धरून, ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ अक्षरात आमची नावे घालत. शेवटच्या जूनमधली भूगोलाची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यातले नकाशे माझेच आहेत आणि चुकलेले आहेत.

टेंभूकर

गोपाळ गणेश आगरकर 17 जून 1895 रोजी दम्याने गेले, तेव्हा ते अवघे 38 वर्षांचे होते. 'केसरी'चे पहिले संपादक, 'सुधारक'चे संस्थापक, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, हे सगळे पाठ्यपुस्तकात असते. तरी त्यांचा विषय निघाला की लोक सांगतात ती गोष्ट उशाजवळच्या पुडीची. आपल्या अंत्यसंस्काराच्या खर्चाचे पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते. सनातन्यांनी ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्या माणसाने घरच्यांवर आपल्या खऱ्या प्रेतयात्रेचा भार पडू दिला नाही. त्या पुडीपुढे 'कुटुंबवत्सल' हा शब्द फिका वाटतो. (आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आणि मीही तिकडचाच, त्यामुळे ते जरा लवकर आठवतात, हे मान्य.) तुमच्या घरातही अशी एखादी पुडी असेलच, कपाट, टूलबॉक्स, डब्याची पिशवी एकदा उघडून बघा.

धाकटी_पाती

सर्वांचे आभार. वहिनीने काल त्याच्या कपाटातून एक दोनशे पानी वही काढून दिली. आईच्या डायलिसिसची ती नोंद आहे. तारीख, आधीचे वजन, नंतरचे वजन, रक्तदाब, सगळे टूलरूमच्या सवयीने रकाने आखून लिहिलेले, आणि शेवटच्या रकान्यात एखादी ओळ. डायलिसिसमुळे आईला शहाळे वर्ज्य होते. 'शहाळे मागितले. दिले नाही. रागावली.' पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला, 'आज मागितले नाही. वाईट वाटले.' त्यातच एके ठिकाणी कोपऱ्यात माझ्या शेवटच्या सत्राच्या फीचा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. ती फी त्याने कशी भरली, हे मी कधी विचारले नव्हते.

तापटपणाबद्दल वहिनीला विचारले, तर ती म्हणाली, 'लिहा ना, दूध उतू गेलं की घर डोक्यावर घ्यायचे.' ते वाक्य तिच्याच शब्दांत घेतले आहे. तिथी आणि तारीख मुखपृष्ठावर येतील. आतल्या दोन पानांवर माझा मजकूर अर्ध्याहून कमी आहे, कारण वहीचे एक पान जसेच्या तसे छापायचे ठरले. त्यावर ग्रीसच्या बोटाचा डाग आहे. तो पुसू नका, असे छपाईवाल्याला सांगून आलो.