मदत हवी आहे : 'कॅनाबिनॉइड' म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत काय लिहू?

कोरांटी :

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी धावण्यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. बराच वेळ पळून आल्यावर जी हलकी धुंदी चढते, तिच्यामागचं कारण लेखात दिलंय आणि तिथे 'कॅनाबिनॉइड' हा शब्द आलाय. शोधलं तर प्रकरण गांजाशी संबंधित निघालं. मी बिनधास्त 'गांजातील द्रव्ये' लिहून पुढे सरकले. दोन परिच्छेदांनी 'एंडोकॅनाबिनॉइड' उगवला. एंडो म्हणजे आतलं, एवढं मला ठाऊक. वाक्य तयार झालं : 'धावताना आपलं शरीर स्वतःच गांजातील द्रव्ये तयार करतं.'

रात्री साडेदहाला संपादकांचा फोन. "ताई, हे छापलं तर जॉगिंग ट्रॅकवर पोलीस येतील."

तेव्हा कुणीतरी मला हा शब्द नीट समजावून द्या. गांजात असतं म्हणून कॅनाबिनॉइड, तर मग ते शरीरात कसं? शिवाय गांजातल्याच सीबीडी नावाच्या द्रव्याने नशा होत नाही म्हणतात, तरी तेही कॅनाबिनॉइडच? भाऊ म्हणतो ही सगळी अल्कलॉइड्स. मी 'गांजाभ' असा शब्द पाडून पाहिला, तो नवऱ्याने 'गाजरभात' वाचला.

बुन्सेनबर्नर :

भावाला सांगा, अल्कलॉइड नव्हे. अल्कलॉइडमध्ये नायट्रोजन लागतो : अफूतलं मॉर्फिन, तंबाखूतलं निकोटिन, चहातलं कॅफिन. गांजातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी, त्यात नायट्रोजनचा अणूच नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, बस्स. म्हणून ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. भांग दुधात घोटतात ती उगाच नाही, दुधात साय असते.

आता शब्द. 'कॅनाबिस' हे झाडाचं नाव आणि '-ऑइड' म्हणजे 'च्यासारखं'. पूर्वी अर्थ सरळ होता : या झाडात सापडणारी, एकमेकांशी रचनेने मिळतीजुळती संयुगं. आज अशी शंभराहून जास्त माहीत आहेत. त्यांपैकी कॅनाबिनॉल हे नाव जुनं. १८९६ मध्ये केंब्रिजच्या रसायनज्ञांनी ते वापरलं, आणि त्यांच्या हाताखालचा माल होता आपल्याकडचा चरस. गंमत म्हणजे कॅनाबिनॉल ताज्या झाडात फारसं नसतं. माल जुना झाला की टीएचसीचं ते बनत जातं. खरी नशा आणणारं टीएचसी शुद्ध रूपात हाती लागायला १९६४ उजाडलं. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळं केलं.

निशाचर :

बुन्सेनराव थांबले तिथून पुढे खरा घोळ आहे. टीएचसी मेंदूत नेमकं कुठे बसतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डेव्हेन यांना उंदराच्या मेंदूत त्याची बसायची जागा सापडली. या जागांना आपण ग्राही म्हणतो. पहिल्याला पुढे सीबी-१ नाव पडलं. १९९३ मध्ये सीबी-२ आला, तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो.

मग प्रश्न पडला की गांजा न ओढणाऱ्याच्या डोक्यात हे कुलूप कशाला? म्हणजे शरीराची स्वतःची किल्ली असणार. ती १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली. शोधणारे डेव्हेन आणि लुमीर हानुश. नाव ठेवलं 'आनंदामाइड'. हो, आपल्या संस्कृतातला 'आनंद'च.

थोडक्यात, आधी चोराची किल्ली सापडली, मग कुलूप, आणि घरमालकाची किल्ली सगळ्यात शेवटी. नाव मात्र तिघांनाही चोराचंच पडलं. तुमच्या वाक्याची गडबड इथे झाली. आनंदामाइड रचनेने टीएचसीसारखं अजिबात दिसत नाही (यात नायट्रोजनही आहे!), पण त्याच ग्राहीवर बसतं म्हणून कॅनाबिनॉइड.

खानदेशी_ठेचा :

आमच्याकडे अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे. पानं गांजासारखी दिसतात म्हणून. इतकी वर्षं कण्यांबरोबर अंबाडीची भाजी खातोय, अजून आनंदामाइड वगैरे काही जाणवलं नाही. चालू द्या.

कोरांटी :

@खानदेशी_ठेचा 😄

@निशाचर, किल्लीचं लख्ख कळलं. पण मग सीबीडी? तेही त्या कुलपात बसतं का?

निशाचर :

नीटसं नाही. सीबी-१ वर ते टीएचसीसारखं बसत नाही, म्हणून तशी नशा नाही. त्याला कॅनाबिनॉइड म्हणतात ते जुन्या व्याख्येने, म्हणजे झाडातलं आणि रचनेने भावंड म्हणून. याच सीबीडीचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, हट्टी प्रकारच्या फेफऱ्यांसाठी मंजूर झालं.

उलट बाजूला प्रयोगशाळेत बनवलेली कॅनाबिनॉइड्स आहेत. नॅबिलोन हे केमोथेरपीच्या उलट्यांवरचं औषध. 'स्पाइस' नावाने विकला गेलेला प्रकारही त्यातलाच, वाळक्या पाल्यावर रसायन फवारलेलं. तो गांजापेक्षा कितीतरी घातक ठरला, माणसं दगावली. त्यातल्या बऱ्याच रसायनांचा झाडाशी संबंध शून्य, फक्त कुलूप तेच.

म्हणजे एक व्याख्या कुळावरून, दुसरी कामावरून, आणि शास्त्रज्ञ दोन्ही एकदम वापरतात. तुमचा गोंधळ ही तुमची चूक नाही.

बुन्सेनबर्नर :

मराठी शब्द पाडू नका, असं माझं स्पष्ट मत. 'स्टेरॉइड' आपण तसंच लिहितो ना? 'गांजा' हा शब्द तर मुळीच नको. आपल्याकडे गांजा म्हणजे तुरे, चरस म्हणजे राळ, भांग म्हणजे पानं. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदासुद्धा तुरे नसलेली नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवतो. रसायनाला मात्र हा भेद ठाऊक नाही, ते तिन्हीत असतं.

निशाचर :

आणि लेखात धावण्याच्या धुंदीचं श्रेय एंडॉर्फिनला (शरीराचं स्वतःचं वेदनाशामक द्रव्य) दिलं असेल तर तेवढं तपासा. एंडॉर्फिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. आनंदामाइड स्निग्धात विरघळणारं, ते शिरतं, आणि धावल्यावर रक्तात त्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे.

कोरांटी :

दोघांचे मनापासून आभार. संपादकांना आत्ताच हे पाठवलं :

'धावताना शरीरात आनंदामाइड नावाचं द्रव्य वाढतं. गांजातलं नशा आणणारं द्रव्य मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतं, तिथेच हेही बसतं. त्यामुळे या गटाला झाडाच्या नावावरून कॅनाबिनॉइड म्हणतात. पण आनंदामाइड झाडातून येत नाही, ते आपलं शरीर घडवतं.'

उत्तर आलं : "छान. 'गांजा'च्या जागी 'एका वनस्पती' करता येईल का? जाहिरातदार पतसंस्था आहे."