स्पीडटेस्ट चांगली येते, तरी संध्याकाळी गेम आणि मीटिंग अडकते. राउटरमध्ये काय बदलू?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. ५० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे, अपलोडही तेवढंच. दारावर माळ्यापाशी कंपनीचा ओएनटी (फायबरची लाइन ज्यात येते तो डबा), तिथून केबलने हॉलमध्ये टीव्हीच्या मागे माझा राउटर. त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) टाकलंय, पण सेटिंगला हात लावलेला नाही. भिंती आरसीसीच्या.

लॅपटॉप केबलने जोडून स्पीडटेस्ट केली की डाउनलोड ४८, अपलोड ४७. तरी संध्याकाळी गेमचा पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो आणि मीटिंगमध्ये समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू जातो. घरात तीन क्लाउड कॅमेरे आहेत, शिवाय चार फोन; घरी आले की त्यांचा फोटो बॅकअप सुरू होतो.

केबलवरून राउटरला पिंग १ मिलिसेकंदाच्या आत. १.१.१.१ ला (इंटरनेटवरचा एक सर्व्हर) एरवी ९, पण कुणी व्हिडिओ चढवत असेल तर २८०. बेडरूममधून वायफायवर राउटरलाच पिंग केलं तर ३ ते ५, मधेच ९० ते १५०. डीएनएस बदललं, दोन्ही डबे बंद करून चालू केले, फरक शून्य. १०० चा प्लॅन घ्यावा का?

जोडणी

प्लॅन राहू द्या. तुमच्या आकड्यांत दोन वेगळे बिघाड दिसतात आणि वेगाची कमतरता दोन्हींत नाही. वायफायचं कुणीतरी सांगेलच, मी २८० बद्दल लिहितो.

९ चे २८० झाले, म्हणजे २७१ मिलिसेकंद पॅकेट कुठेतरी थांबून राहिलं. ४७ एमबीपीएसने तेवढ्या वेळात साधारण १.६ एमबी डेटा जातो. एवढी रांग ओएनटीच्या बफरमध्ये (पॅकेट थांबतात ती जागा) साचते. फोटो बॅकअप लाइन पूर्ण भरून टाकतो आणि गेमचं शंभर-दोनशे बाइटचं पॅकेट त्या १.६ एमबीच्या शेपटाला उभं राहतं. आवाजाचंही तेच. याला बफरब्लोट म्हणतात. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधताना लागतो, त्यामुळे ते बदलून या रांगेला काही होणार नाही. १०० च्या प्लॅनवर रांग लवकर सरकेल, पण बॅकअप तीही लाइन भरणार.

ओएनटीची रांग तुमच्या हातात नाही, म्हणून ती तुमच्या राउटरमध्ये आणायची. राउटरने लाइनपेक्षा थोडं कमी सोडलं की ओएनटीचा बफर रिकामा राहतो आणि कुणाला आधी सोडायचं ते राउटर ठरवतो.

सिस्टम, सॉफ्टवेअरमधून 'लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम' टाका, रांग सांभाळणारं एसक्यूएम त्यात येतं. मग नेटवर्कखाली एसक्यूएम क्यूओएस उघडा. इंटरफेस वॅनचाच (बाहेरच्या लाइनचा) निवडा. चुकून लॅनचा (घरातल्या बाजूचा) निवडला तर अपलोड-डाउनलोड उलटे लागतात आणि माणूस तासभर गोंधळतो. मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवा: डाउनलोड ४३०००, अपलोड ४२००० केबीपीएस. क्यू डिसिप्लिन (रांग लावायची पद्धत) केक, स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. लिंक लेयरमध्ये ईथरनेट, ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचे जादा बाइट) ४४. फायरवॉलच्या पानावर हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू असेल तर बंद करा, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सेटिंग लावूनही काही बदलत नाही.

नंतर एका फोनवरून मोठा व्हिडिओ चढवत ठेवा आणि केबलवरून १.१.१.१ चा पिंग पाहा. २५ च्या आत राहायला हवा. राहिला नाही तर अपलोडची मर्यादा २००० ने कमी करत जा.

लघुलहर

बेडरूमचे ९० ते १५० हे निव्वळ वायफायचे. पिंग राउटरपर्यंतच जातोय, बाहेरच्या लाइनचा त्यात संबंध नाही.

राउटर आधी टीव्हीमागून काढा. टीव्हीच्या पॅनेलमागे धातूचा पत्रा असतो. दोन-तीन फूट बाजूला, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. ओएनटीचं स्वतःचं वायफाय चालू असेल तर बंद करा. ते बहुधा तुमच्याच चॅनलवर ओरडत असतं.

२.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी तो. ३ किंवा ४ 'रिकामा दिसतो' म्हणून घेऊ नका, तिथे १ आणि ६ दोन्हींचा त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवून लॅपटॉप आणि गेम तिथेच जोडा. चॅनल ३६, रुंदी ८०. ५२ ते १४४ मध्ये रडारचा नियम लागू होतो: संशयास्पद संकेत आला की राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि अशा नव्या चॅनलवर जाण्याआधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं.

आता कॅमेऱ्यांकडे पाहा, खरी गोम तिथे असू शकते. गॅलरीतला कॅमेरा -८० डीबीएमवर (म्हणजे सिग्नल फार क्षीण) असेल तर तो फार कमी दराने बोलतो. तोच डेटा पाठवायला त्याला कितीतरी पट जास्त वेळ हवा अडवावी लागते आणि त्या वेळात त्या चॅनलवर दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर प्रत्येक उपकरणाचा सिग्नल आणि दर दिसतो, तिथे सगळ्यात कमी दराचं कोण ते शोधा. बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल -६५ च्या आसपास मिळाला तर उत्तम. -७५ येत असेल तर कॅट ६ केबल ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. स्वस्त एक्स्टेंडर नको, एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा पाठवतो.

आरजे४५

ओएनटी आणि राउटर दोघेही नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकाच पत्त्यावर दाखवणं) करत असतील तर कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसती लाइन पुढे देणारा) करून घ्या. पण ते पोर्ट उघडण्यासाठी आणि गेमच्या पार्टी चॅटसाठी. डबल नॅटने पिंग जेमतेम १ मिलिसेकंदाने वाढतो. ब्रिज केल्यावर पीपीपीओई (कंपनीच्या लाइनचं लॉगिन) तुमच्या राउटरवर येईल, तेव्हा एसक्यूएमचा इंटरफेस 'पीपीपीओई-वॅन' करायला विसरू नका.

पुढे कधी १०० च्या वरचा प्लॅन घेतलात तर ओएनटी ते राउटर लिंक १००० दाखवते का ते आधी पाहा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंगमध्ये एक तार सुटली की लिंक १०० वर येते आणि स्पीडटेस्ट ९४ च्या पुढे सरकत नाही.

तिसरा_मजला

खूप आभार. राउटर हलवला, ५ गिगाहर्ट्झ वेगळं केलं, बेडरूममध्ये आता सलग ३ ते ६. गॅलरीतला कॅमेरा -८३ वर होता, त्याला केबल दिली. एसक्यूएमनंतर अपलोड चालू असताना पिंग १६ ते १९. पण डाउनलोड ३१ च्या वर जात नाही. आधी ४८ होतं.

जोडणी

राउटरचा सीपीयू दमतोय. एसएसएचने (राउटरच्या कमांड लाइनवर) आत जाऊन 'टॉप' लावा आणि स्पीडटेस्ट चालू असताना एसआयआरक्यूचा (पॅकेट हाताळण्यात सीपीयूचा किती टक्के वेळ जातो त्याचा) आकडा पाहा. ९० च्या वर गेला तर खात्री झाली. स्क्रिप्ट 'सिंपल' आणि डिसिप्लिन एफक्यू-कोडेल करा, ते केकपेक्षा हलकं असतं. तेवढ्याने भागलं नाही तर डाउनलोडच्या रकान्यात ० टाका. ० म्हणजे त्या दिशेला मर्यादाच नाही. तुमचा त्रास अपलोडचा आहे, तो सुटलेलाच राहील.

आणि आजची मोजणी दुपारची असेल तर रात्री नऊला पुन्हा करा, एसक्यूएम तेवढ्यापुरतं बंद ठेवून. गर्दीच्या वेळी लाइन ३८ वर उतरत असेल तर ४२ ची मर्यादा निरुपयोगी ठरते, रांग परत ओएनटीत साचते. तीन-चार रात्री मोजा आणि त्यातल्या सगळ्यात कमी आकड्याच्या ९० टक्के धरा.