'लॅबिरिंथ'ची पुढची गोष्ट: बाकीचे भाग घेऊ का?

जिम हेन्सनचा १९८६ चा 'लॅबिरिंथ' हा सिनेमा मी इतक्यांदा पाहिलाय की त्यातली गाणी नवऱ्यालाही पाठ झालीत, बिचाऱ्याला! त्याची पुढची गोष्ट 'रिटर्न टू लॅबिरिंथ' या नावाने मांगा (जपानी धाटणीचं कॉमिक) रूपात चार भागांत आहे (२००६ ते २०१०), हे मला आत्ता कळलं. पहिला भाग मागवला. मुखपृष्ठ असलं देखणं, की आतली पानं उघडल्यावर पुन्हा कव्हर बघितलं, तेच पुस्तक ना? शिवाय सगळी गोष्ट टोबीची. तोच तो, सिनेमातलं लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या झबल्यातलं बाळ! त्याची बहीण सारा, सिनेमाची नायिका, इथे कडेकडेने. पुढचे तीन घ्यावेत का?

प्रतिसाद १
मुखपृष्ठांचा चित्रकार वेगळा, आतलं काम ख्रिस लीचं. तुम्ही एकट्या नाही फसलात. पण जॅरेथ, म्हणजे त्याला पळवणारा गॉब्लिनांचा राजा, त्या पोराला गादीचा वारस करतो, ही कल्पना मला झकास वाटली. चोरून नेलेलं बाळ परत राजवाड्यात!

प्रतिसाद २
झकास कसली? सिनेमातला जॅरेथ म्हणजे गायक डेव्हिड बॉवी. आवाज गेला, चाल गेली, उरले फक्त केस. आणि साराला शाळेत इंग्रजी शिकवायला बसवलीय! सिनेमातल्या त्या मास्करेडच्या (मुखवटे घालून केलेल्या) नाचानंतर हे?

मूळ प्रश्नकर्ती
केस मात्र खरंच छान काढलेत हो. दुसरा भाग मागवलाय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.