मदत हवी आहे: कुत्रा चावल्यावर आप्पा पुढचा डोस घ्यायला तयार नाहीत, कसं समजावू?

माणदेशी_लेक (शुक्रवार, रात्री)

नमस्कार मंडळी. जरा घाईत लिहितेय, रविवारच्या आत उत्तर हवंय.

मागच्या शनिवारी संध्याकाळी माझ्या वडिलांना (वय ६४) गोठ्यात वैरण टाकून येताना कुत्रं चावलं. उजव्या तळहाताच्या कडेला दोन दात चांगले रुतले, रक्त आलं. कुत्रं गावातलं नव्हतं. ओढ्याकडे पळालं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. आईने घाबरून जखमेवर मिरचीपूड दाबली. मी इथून पुण्यातून फोनवर ओरडून ती साबणाने धुवायला लावली, नळाखाली हात धरून चांगली पंधरा मिनिटं. रविवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयात लस मिळाली, दोन्ही दंडांवर एकेक टोचली. सीरम, म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध, तिथे शिल्लक नव्हतं, म्हणून सोमवारी भावाने सिव्हिलला नेलं. तिथे थेट जखमेत सुया दिल्या. आप्पा दुखलं-खुपलं कधी बोलत नाहीत, पण तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. बुधवारी दुसरा डोस झाला.

आता रविवारी तिसरा आहे आणि आप्पा म्हणतात, बास झालं. "माझी प्रतिकारशक्ती दांडगी आहे, दहा वर्षांत ताप आला नाही, विळा लागला तरी जखम आपोआप भरते." शिवाय दंडावर दिलेली लस म्हणजे मसुरीएवढा फुगवटा, एवढ्याशा थेंबाने काय होणार, असंही. घोड्याच्या रक्तातलं औषध अंगात घातलं याचाही राग आहे. आणि कालपासून उजव्या काखेत अवधाण आलंय, ते दाबून बघतात आणि म्हणतात, बघ, लसच बाधली.

मला स्वतःलाही एक कळत नाही. सीरममध्ये तयार अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, असतात म्हणे. मग त्या दिल्यावर लस कशाला? कुणीतरी नीट समजावून सांगा, म्हणजे मला त्यांच्याशी बोलता येईल. रागावून ते ऐकणार नाहीत, पटलं तरच ऐकतील.

ओसरी (शुक्रवार, रात्री)

ताई, आधी हे सांगते: डोस चुकवू देऊ नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. आमच्या आजोबांना पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, तरी त्यांनी सगळी पुरी केली. आपल्याकडे मिरची, हळद, चुना, तेल काय काय लावतात. त्याने जखम चिघळते. तुम्ही ती धुवायला लावलीत, हे फार मोलाचं काम केलंत.

सूक्ष्मदर्शी (शनिवार, सकाळी)

मी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमच्या आप्पांचे प्रश्न योग्य आहेत, एकेक घेते.

प्रतिकारशक्ती दांडगी आहे हे खरंच असेल. विळा लागतो तेव्हा काय होतं? मातीतले जंतू जखमेत शिरतात, भराभर वाढतात, पेशी फुटतात. त्या गोंधळाने पांढऱ्या पेशींना वर्दी जाते, त्या धावून येतात. जखम लाल होते, ठणकते, कधी पू होतो. हे सगळं शरीराने लढल्याची खूण. रेबीजचा विषाणू हा गाजावाजा होऊच देत नाही. लाळेतून स्नायूत उतरतो, थोड्या संख्येने, पेशी न फोडता, आणि संधी मिळताच जवळच्या नसेच्या टोकातून आत शिरतो. रक्तात तो फिरत नाही. अँटीबॉडी रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात असतात, नसेच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. त्यामुळे धडधाकट माणसाच्या शरीरालाही शत्रू आल्याचा पत्ता लागतो तो फार उशिरा. रेबीज झालेल्या रुग्णांत बऱ्याचदा लक्षणं सुरू झाल्यानंतरच अँटीबॉडी सापडतात. तोवर विषाणू मेंदूत पोचलेला असतो. आप्पांना सांगा, तुमची ताकद कमी नाही, तिला वेळेवर खबर मिळत नाही. लस ही खबर आहे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. हा विषाणू सावकाश जातो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात, कधी आठवडाभर, कधी वर्षाहून जास्त. चावल्यानंतर लस देऊन रोग अडवता येतो तो या अवधीमुळेच. ६ जुलै १८८५ला पाश्चर यांच्याकडे आणलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली गेली, तीही चावल्यानंतरच, आणि तो वाचला. पण चेहरा, डोकं, हात या जागी नसांचं जाळं दाट असतं, तिथून विषाणूला वाट लवकर मिळते. आप्पांना हातालाच चावलंय, म्हणून मी जास्त आग्रहाने लिहितेय.

आता सीरम आणि लस. शेतकऱ्याला हे लगेच पटेल. सीरम म्हणजे शेजारून उसनी आणलेली पायलीभर ज्वारी. आजची भाकरी होते, पण संपते. लस म्हणजे पेरणी. लस दिल्यावर शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडी पुरेशा तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. मधल्या दिवसांत जखमेतला विषाणू नसेत शिरू नये म्हणून तयार अँटीबॉडी जखमेत आणि भोवतीच भरतात. दंडात दिल्या तर जिथे हव्यात तिथे पुरेशा पोचत नाहीत, म्हणून आप्पांना ते दुखणं सोसावं लागलं. घोड्याला लस टोचून त्याच्या रक्तातून या अँटीबॉडी काढतात आणि शुद्ध करून देतात. आपलं शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि काही आठवड्यांत मोडीत काढतं. म्हणजे आप्पांचं "घोड्याचं" अंगात राहणारही नाही. पण ते गेल्यावर शेतात काही उभं हवं ना? ते पीक लसीचं. एक लक्षात ठेवा, सीरमनंतर आठ-दहा दिवसांनी अंगावर पित्त उठलं, सांधे दुखले किंवा ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

थेंबाबद्दल. ती लस स्नायूत न देता कातडीच्या थरात देतात, एका जागी ०.१ मिलिलीटर. कातडीत पहारेकरी पेशी फार असतात. आपलं शरीर बाहेरच्या जगाला तिथेच भिडतं, त्यामुळे तिथे पहारा कडक. या पेशी लसीतला मेलेला विषाणू उचलतात आणि काखेतल्या गाठींत घेऊन जातात. तिथे लाखो प्रकारच्या पेशींमधून नेमकी या विषाणूला चिकटणारी पेशी शोधली जाते, तिची संख्या वाढते, आणि तिच्या पिल्लावळीतली जास्त घट्ट चिकटणारी पेशी निवडली जाते. गाठ फुगते ती या कामाने. आप्पा जे दाबून बघताहेत ते बहुधा हेच. हाताच्या जखमेमुळेही काखेत अवधाण येतं, म्हणून रविवारी डॉक्टरांना काख आणि जखम दोन्ही दाखवा. गाठ लाल झाली, फार दुखली किंवा ताप आला तर रविवारची वाट पाहू नका.

आणि पुढचे डोस का? पहिल्या पेरणीवर पाण्याची पाळी दिली नाही तर काय होतं, ते आप्पांना मी सांगायला नको. गाठींमध्ये निवड सुरू असतानाच तीच ओळख पुन्हा पटवली की अँटीबॉडी वाढतात आणि टिकाऊ स्मृतिपेशी उरतात. म्हणून कातडीतल्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. हे चारही पुरे झाले आणि पुढे कधी पुन्हा कुत्रं चावलं, तर दोनच डोस लागतात, ० आणि ३ दिवशी, आणि सीरम लागतच नाही. जखमेतल्या त्या सुया पुन्हा नकोत, एवढं कारणसुद्धा आप्पांना पुरेल असं वाटतं.

ओसरी, तुमच्या आजोबांची लस वेगळी होती. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून ती बनवत. १९११मध्ये कसौलीला सेंपल नावाच्या डॉक्टरांनी ती तयार केली आणि आपल्याकडे पुढे अनेक दशकं तीच दिली गेली. तिच्यात मज्जातंतूंचा अंश राहायचा, आणि काही जणांचं शरीर त्या अंशाविरुद्ध पेटून स्वतःच्याच नसांवर हल्ला करायचं. लोकांच्या मनात बसलेली भीती तिथून आली, ती खोटी नव्हती. २००५पासून ती आपल्या देशात वापरात नाही. आताची लस पेशींवर वाढवतात, मेंदूचा संबंध नाही.

खडकवासलेकर (शनिवार, दुपारी)

कुत्रं दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिलं तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. इथे कुत्रंच गायब आहे, त्यामुळे तो विचार सोडून द्या. गावात आशाताई असतील तर त्यांना घरी बोलवा. लेकीपेक्षा त्यांचं कधी कधी लवकर ऐकतात.

माणदेशी_लेक (रविवार, संध्याकाळी)

सूक्ष्मदर्शीताई, काल रात्री तुमचं सगळं फोनवर वाचून दाखवलं. उसन्या ज्वारीपाशी आप्पांनी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला सांगितलं. मग बराच वेळ गप्प होते. सकाळी भावाच्या आधी तेच केसपेपर घेऊन गाडीपाशी उभे. डोस झाला. डॉक्टरांनी काख बघितली, काळजीचं कारण नाही, जखमही सुकतेय म्हणाले. अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख आईने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलीय.

आता आणखी एक. परतताना कळलं, त्याच संध्याकाळी वरच्या वस्तीवर एका कालवडीलाही कुत्रं चावलंय, नाकाला. बहुतेक तेच. त्या लोकांनी काहीच केलेलं नाही. जनावराला लस चालते का?

सूक्ष्मदर्शी (रविवार, संध्याकाळी)

चालते, चावल्यानंतरही देतात. नाकाला म्हणजे वेळ कमी आहे, आठवडा तर गेलाच. उद्या सकाळी पहिल्यांदा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तोवर कालवड वेगळी बांधा, तिच्या तोंडात हात घालू नका. आठवडाभरात कुणी उघड्या चिरेच्या हाताने तिची लाळ पुसली असेल, तर त्या माणसालाही उद्याच ग्रामीण रुग्णालयात पाठवा.