मालिकेतला, सिनेमातला गणपती मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मूर्तिकारानं नाही म्हणावं का?

पेणचा शाडूवाला

पेणमध्ये आमचा लहानसा कारखाना आहे. काम फक्त शाडूचं, मूर्ती घरगुती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यानं चतुर्थी 14 सप्टेंबरला गेली, म्हणजे मूर्ती सावलीत सावकाश वाळवायला भरपूर वेळ मिळणार. पण बुकिंगला येणारी बरीच माणसं आल्या आल्या मोबाइल पुढे करतात, "अस्सा पाहिजे." फोटोत पिळदार दंड, सपाट पोट, सिनेमातल्या नायकासारखं उभं राहणं, आणि त्यावर सोंड.

हे आजचं नाही. 2014 मध्ये 'जय मल्हार' मालिका आली आणि खंडोबाच्या वेषातले गणपती बाजारात आले. पुढच्याच वर्षी 'बाहुबली' आला, मग खांद्यावर शिवलिंग घेतलेला गणपती. तेव्हापासून दर हंगामाला नवा नायक येतो.

माझं म्हणणं असं: फेटा बांधा, पितांबराचा रंग बदला, दागिने बदला, हवा तर पाटाऐवजी झोपाळा करा. त्यात मला काही गैर वाटत नाही. पण अंगकाठी, बैठक आणि चेहरा हे मूर्तिकाराचं असतं, ते गिऱ्हाइकाच्या फोटोवरून बदलायचं नाही. याला एक कारण मातीतलंही आहे. शाडू जड असतो आणि वाळताना आकसतो. पुढे काढलेला हात, लांब धनुष्य, बारीक पायांवर उभं शरीर हे शाडूत तडकतं. मांडी घालून बसलेला, लोडाला टेकलेला, हात अंगालगत असलेला गणपती ही आमच्याकडची जुनी घडण मातीला पेलते म्हणून टिकली. नायकाचा गणपती पीओपीसाठीच जन्मलेला आहे. तो करायचा म्हणजे आधी माती सोडायची, मग चेहरा, मग आमच्याकडे आमचं काय उरलं?

या धंद्यातल्यांनी आणि मूर्ती घेणाऱ्यांनीही स्पष्ट लिहावं.

जोहे-हमरापूर

स्पष्टच लिहितो. तुमचा कारखाना छोटा आहे म्हणून तुम्हाला हे परवडतं. पेणजवळच्या आमच्या जोहे-हमरापूर पट्ट्यात वर्षभर काम चालतं. कच्च्या मूर्ती, म्हणजे न रंगवलेल्या, मुंबई-पुण्याला आणि राज्याबाहेरही ठोक जातात. कॅटलॉग व्यापारी ठरवतो. त्यानं दहा नमुने मागितले आणि त्यातले तीन मी नाकारले, तर ते तीन शेजारच्या शेडमध्ये होतील आणि उरलेले सातही तिथेच जातील. व्यापारी दोन दारं फिरत नाही.

माझ्याकडे साचे भरणारे, फिनिशिंग करणारे, रंग मारणारे कामगार आहेत. गेल्या वर्षी 30 जानेवारीला उच्च न्यायालयानं पीओपी बंदी कडक राबवायला सांगितली, तेव्हापासून 9 जूनला मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक मिळेपर्यंत आम्ही काय काढलं ते आम्हाला माहीत. शेडमध्ये माल पडून आणि डोक्यावर कर्ज. अशा वेळी गिऱ्हाईक जे मागतं ते देणं याला कुणी कलेशी बेइमानी म्हणू नये. कारखाना चालला तरच कला राहते.

डोंबिवलीकर

घेणाऱ्याच्या बाजूनं लिहिते. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला सिनेमातला हवा असतो आणि सासूबाईंना लोडाला टेकलेला. दरवर्षी दुकानात वाद, आणि दरवर्षी एकच गोष्ट निर्णय करते: डोळे. जो गणपती आपल्याकडे बघतोय असं वाटतं तो घरी येतो. मुलगाही तिथे गप्प होतो. त्यामुळे मूर्तिकारांनी आमची मागणी फार मनावर घेऊ नये. फोटो दाखवणं ही सवय झाली आहे. समोर चांगली मूर्ती दिसली की फोटो बाजूला पडतो.

जुनं पुणं

धागाकर्त्यांचा आदर राखून विरोध करतो. गणपतीचं रूप काळाबरोबर बदलू नये ही कल्पना इतिहासाला धरून नाही. भाऊसाहेब रंगारींचा 1892 चा गणपती बघा. तो मांडी घालून मोदक खात नाही, राक्षसाचा वध करतोय. इंग्रजी सत्तेविरुद्धचा राग त्यात लोकांनी वाचला आणि मूर्ती त्याच रूपात आजही बसते. स्वातंत्र्याच्या आसपास लालबागचा राजा पुढाऱ्यांच्या रूपात साकारला गेला होता, आणि ते काही चेष्टेनं केलेलं नव्हतं. ज्या मंडळाची मूर्ती आज लांबून ओळखू येते, त्याच मंडळाचा हा भूतकाळ आहे. त्या वेळच्या माणसाला जो नायक वाटला तो त्यानं देवात बघितला. आजच्या मुलाचा नायक पडद्यावर असेल तर दोष मूर्तिकाराचा कसा?

पेणचा शाडूवाला

जुनं पुणं, उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूनं जातं असं मला वाटतं. रंगारींच्या मूर्तीमागे करणाऱ्याचा विचार होता, सांगण्यासारखं काही होतं. व्यापाऱ्यानं ट्रेलर बघून मार्चमध्ये साचा मागवायचा, यात कोण काय सांगतंय? नायक देवात दिसायला माझी हरकत नाही. दुसऱ्यानं विकायला काढलेलं चित्र मी न बघता भरून द्यायचं, याला आहे.

जोहे-हमरापूर, तुमच्या कर्जाबद्दल मी काही बोलणार नाही, तो त्रास खरा आहे. पण एक विचारतो. शिल्लक राहिलेला सिनेमाचा गणपती पुढच्या वर्षी कोण घेतं? सिंहासनावरचा गणपती तीन वर्षांनीही जातो. पडलेल्या सिनेमाचा गणपती तुमच्या माळ्यावर राहतो. त्याचा हिशेब धरलात तर ट्रेंड खरोखर परवडतो का?

जोहे-हमरापूर

धरतो ना हिशेब. धनुष्य काढून परशू लावतो, मुकुट बदलतो, परत रंग मारतो. पीओपीत ते जमतं. थोडा माल मार खातो, तो नफ्यातून जातो. बाकीच्या मालानं मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच विसार, म्हणजे आगाऊ पैसे, मिळवून दिलेला असतो, आणि विसार आला की जिप्समची, काथ्याची, मजुरीची सोय होते. तुमच्या सिंहासनावर कुणी फेब्रुवारीत विसार देत नाही.

वेंगुर्ल्याची वाट

आमच्या सिंधुदुर्गात गोष्ट वेगळी आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे कारखाना म्हणत नाहीत, गणपतीची शाळा म्हणतात. घरचा पाट शाळेत नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडते, आणि चतुर्थीला किंवा आदल्या दिवशी डोक्यावरून घरी आणायची. एकेका घराचं आणि शाळेचं नातं पिढ्यांचं असतं. आमचे मूर्तिकार पाट बघूनच सांगतात की हा कुणाचा, यांना केवढा लागतो, कोणता रंग चालतो. तिथे फोटो दाखवायला माणूस जरा कचरतोच.

पण याचा अर्थ आमच्याकडे बदल नाही असा नव्हे. पूर्वी माणसं कॅलेंडरवरचं चित्र घेऊन यायची, आणि मूर्तिकार ते भिंतीला लावून बघून करायचे. ते करताना चेहरा मात्र आपसूक त्यांचाच यायचा. मला वाटतं खरी अडचण फोटोची नाही. घेणारा आणि घडवणारा यांची ओळखच राहिली नाही, ही आहे. ओळख असली की "यंदा एवढं नको, त्यापेक्षा असं करू" हे सांगता येतं. मधे व्यापारी आला की सांगायचं कुणाला?

मातीत हात

मी मूर्तिकाराची मुलगी, शिल्पकलेचं शिक्षण घेतलं आहे, आणि आता वडिलांबरोबर कारखाना बघते. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, आणि धागाकर्त्यांना मला थोडं कडक विचारायचं आहे.

काका, तुम्ही 'आमचा चेहरा' म्हणता. तो तुमचा आहे का? आमच्या कारखान्यातले बहुतेक साचे आजोबांच्या काळचे. त्यांनी मातीत मॉडेल केलं, त्यावरून साचा काढला, आणि आम्ही तीन पिढ्या तोच भरतोय. बाजाराची नक्कल करायची नाही हे ठीक. पण आजोबांची नक्कल करत राहणं म्हणजे स्वतःचं काम कसं झालं? आजोबा त्यांच्या काळात नवीन होते. त्यांनी कुणाला विचारून मांडी बदलली नव्हती.

मी गेल्या काही वर्षांत दरवर्षी निदान एक मॉडेल नवं करते. शाडूतच. बसलेला, पण जरा पुढे झुकून ऐकणारा गणपती केला. कान मोठे, मान एका बाजूला. सुरुवातीला वडिलांना आवडला नाही. गिऱ्हाइकांनी मात्र उचलला, त्यात फोटो घेऊन आलेलेही होते. माणसांना नवं हवं असतं, एवढं खरं आहे. आपण नवं काही ठेवत नाही, म्हणून ती सिनेमाकडे जातात.

अजून एक. चेहरा साच्यातून अर्धाच येतो. तो पुरा होतो आखणीला, डोळे, भुवया, गंध रेखताना. आमच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बऱ्याचशा बायका आहेत, आणि जी बाई आखणी करते तिचा हात काढला तर आमचा चेहरा राहत नाही. पण मजुरी नगावर असते, साध्या भरणाऱ्याच्या थोडीच वर. 'आमची ओळख' म्हणणाऱ्यांनी ओळख नक्की कुणाच्या हातात आहे ते बघावं आणि तिथे पैसे द्यावेत. ट्रेंड नाकारण्याआधी मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

लंडनचा पाट

परदेशातल्या गिऱ्हाइकाचा अनुभव. आम्ही काही कुटुंबं मिळून पेणहून मूर्ती मागवतो. जहाजानं येतात म्हणून ऑर्डर फार आधी द्यावी लागते, तेव्हा त्या वर्षीचा सिनेमा आलेलाही नसतो. त्यामुळे इथे जुनी घडणच येते आणि तीच हवी असते. बाहेरच्या ऑर्डरींवर भर दिला तर धागाकर्त्यांना ट्रेंडची चिंता कमी पडेल.

जोहे-हमरापूर

लंडनला जाणाऱ्या मालावर किती घरं चालणार? बाकी त्या ताईंचं आखणीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. आमच्याकडे आखणीवाल्याला जास्त देतात, कारण तो शेजारी गेला की माल तसा दिसत नाही.

पण नवं मॉडेल करा हे सांगणं सोपं आहे. मी दोन वेळा चांगल्या कलाकाराकडून मॉडेल करून घेतलं. हंगामातच कुणीतरी एक मूर्ती विकत नेली, तिच्यावरून रबरचा साचा काढला, आणि पुढच्या वर्षी तोच गणपती माझ्यापेक्षा स्वस्त विकायला उभा. शिल्पावर कॉपीराइट आपोआप असतो, 1957 चा कायदा आहे, हे वकिलानं सांगितलं. पण गणपतीच्या दहा दिवसांत कोर्टात कोण जाणार? स्वतःचं घडवायचा खर्च माझा आणि फायदा सगळ्यांचा. सिनेमाचा गणपती सगळेच करतात, तिथे चोरीला जायला माझं काही नसतं.

पेणचा शाडूवाला

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. तुम्ही ट्रेंडकडे आवडीनं गेला नाहीत, तुमचं घेतलं गेलं म्हणून गेलात. हे आधी लिहिलं असतंत तर मी मागच्या पोस्टमध्ये तुम्हाला व्यापाऱ्याच्या रांगेत बसवलं नसतं.

मातीत हात, तुझ्या प्रश्नाला उत्तर देतो. साचे वडिलांचेच आहेत, खरं आहे. पण मी ते आहेत तसे भरत नाही. साच्यातून निघाल्यावर सोंडेचा वळसा, बोटं, मांडीची चुणी हातानं बदलतो, त्यामुळे माझ्या दोन मूर्ती सारख्या नसतात. मला ते माझं काम वाटतं. तरी दरवर्षी एक नवं मॉडेल ही गोष्ट मला पटली, कारण फोटो घेऊन आलेल्याला दाखवायला माझ्याकडे दुसरं काही असलं पाहिजे. चेहऱ्याबद्दल मात्र मी हटणार नाही. पिळदार दंडाचा गणपती मी करणार नाही, विसार परत करावा लागला तरी.

मातीत हात

काका, तो करू नकाच. मीही करत नाही. मी एक सुरू केलंय: प्रत्येक मूर्तीच्या पाठीमागे, पाटाच्या कडेला, ओल्या मातीतच कारखान्याचं नाव, वर्ष आणि आखणी करणारीचं नाव कोरतो. पुढच्या वर्षी माणसं ते नाव सांगून मूर्ती मागायला येतात. चोरी त्यानं थांबणार नाही, पण घेणाऱ्याला कळतं की हे कुणीतरी केलं आहे. जोहे-हमरापूरच्या सगळ्या शेडनी मिळून कच्च्या मालावर असं नाव टाकायचं ठरवलं तर?

जोहे-हमरापूर

कच्च्या मालावर नाव टाकलं तर व्यापारी पहिल्यांदा तेच घासून काढतो, त्याला त्याच्या दुकानाचं स्टिकर लावायचं असतं. मी सांगून बघितलंय. तो म्हणाला, नाव हवं असेल तर भाव कमी करा. सगळ्या शेड एकत्र आल्या तर कदाचित वेगळं होईल, पण भावावरही आम्ही आजवर एकत्र आलेलो नाही. तुमच्याकडे गिऱ्हाईक दारात येतं, म्हणून नाव चालतं. आमच्याकडे ट्रक येतो.