नागीण गेली, दुखणं राहिलं. याचा डिमेन्शियाशी (स्मृतिभ्रंशाशी) संबंध धरायचा का?

निशिगंध: आईला नागीण होऊन आठ महिने झाले, फोड कधीच सुकले पण बरगडीखालची आग काही जात नाही, अंगावरचा कपडा घासला तरी कळवळते. तीन महिन्यांच्या पुढे दुखत राहिलं की त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. माझं स्पष्ट मत, अशा माणसांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त आहे असं धरूनच चालावं. कांजिण्यांचा व्हायरस नसांमधे दडून असतो तोच उठतो, त्यात झोप नाही, बाहेर जाणं बंद, बोलणं कमी, मेंदूवर परिणाम होणारच ना?

रानवारा: नाही पटलं. डेन्मार्कमधे नागीण झालेल्या जवळपास अडीच लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, 2022 ला छापून आलं, त्यात डिमेन्शिया वाढलेला दिसला नाही. दुखणं मागे राहतं ते जास्त करून म्हाताऱ्या माणसांत आणि डिमेन्शियाही त्याच वयात, मग दोन्ही एकत्र दिसणारच. आधीच बेजार माणसाला आणखी घाबरवू नका हो.

मुक्ता: मग वेल्सचं काय? तिथे 2 सप्टेंबर 1933 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना नागिणीची लस मिळाली, त्याआधीच्यांना नाही, म्हणजे काही दिवसांच्या फरकाने एक आत एक बाहेर, बाकी माणसं सारखीच. सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शिया साधारण 20 टक्के कमी, बायकांमधे फायदा जास्त. व्हायरसचा काहीच हात नसेल तर हे कसं?

रानवारा: ते लसीबद्दल आहे मुक्ता, मागे राहिलेल्या दुखण्याबद्दल त्यातून काही कळत नाही. लस घ्यावीच, त्यावर वाद नाही. निशिगंध, आई कुठल्या गोळ्या घेतात? गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, गोंधळ होतो, विसरायलाही होतं.

निशिगंध: प्रीगॅबालिन. रात्रीचा डोस वाढवला आणि त्याच आठवड्यात तिने एकच गोष्ट तीनदा विचारली, मी रात्रभर रडले. हे डॉक्टरांना विचारते, दुखरी जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीचंही विचारते. पण संबंध नाही हे मी अजून मानत नाही, आणि "वय झालं, सोसा" असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं त्याचा राग तर अजिबात गेलेला नाही.